नामंजूरसाहेबांचा खालचा ओठ

माणसाचा अधिकार नेमका कुठे असतो, याबद्दल लोकांच्या फार भाबड्या कल्पना असतात. कुणाला वाटतं तो खुर्चीत असतो, कुणाला वाटतं शिक्क्यात. नामंजूरसाहेबांचा अधिकार त्यांच्या खालच्या ओठात होता.

साहेब परवाना विभागाचे प्रमुख. दुकानावर पाटी लावायची, खिडकीवर छज्जा काढायचा, नाहीतर गच्चीत पाण्याची टाकी बसवायची, तर माणूस कागद घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभा राहायचा. साहेब चष्मा नाकावर खाली ओढून वाचायला लागायचे. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला त्यांचा खालचा ओठ डाव्या कोपऱ्यातून हळूच पुढे सरकायचा. बोलणं नाही, ओरडणं नाही. ओठ पूर्ण बाहेर येईपर्यंत समोरचा आपले कागद आपणच गोळा करायला लागलेला असायचा. 'नामंजूर' हे नाव त्यांना शिपायांनी ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना ते मनातून आवडलंही होतं.

घरीही हाच ओठ. सूप अळणी असलं की ओठ, पडदे धुवायला टाकले की ओठ, शेजाऱ्याने दाराला नवा रंग दिला की ओठ. बायको एका शाळेत ग्रंथपाल होती, दिवसभर पोरांना गप्प बसवून घरी यायची आणि घरी स्वतः गप्प बसायची. तिची एक गोष्ट लग्न झाल्यापासून अर्धी राहिली होती. "मी सातवीत असताना एकदा चित्रकलेच्या बाईंची सायकल न विचारता घेतली," अशी ती सुरू व्हायची. साहेब म्हणायचे, "न विचारता घेणं याला चोरी म्हणतात." पुन्हा कधीतरी ती सुरू करायची, तर साहेब म्हणायचे, "सातवीत? मागे तू सहावीत म्हणाली होतीस." आणि ओठ पुढे. त्यामुळे ती सायकल इतक्या वर्षांत शाळेच्या फाटकाबाहेर कधी पडलीच नाही.

अशा माणसाची अक्कलदाढ दुखायला लागली. खालची, डावीकडची.

दाढ एकाची दुखते, पण बोलते सगळी इमारत. तळमजल्यावर एक निवृत्त कवायतमास्तर राहत. त्यांचा सिद्धांत असा, की शरीराचा कुठलाही भाग दुखतो तो आळसाने. "जबडा वापरात नाही तुमचा," ते जिन्यात गाठून म्हणाले. "एक, दोन, उघडा. तीन, चार, मिटा." ज्या माणसाचा जबडा उभ्या गावाची कामं अडवण्यात झिजला, त्याला हे ऐकावं लागलं. वरच्या मजल्यावरच्या मावशी लवंगेची पुरचुंडी घेऊन आल्या आणि आपल्या चुलतभावाची दाढ काढताना काय काय झालं ते इतक्या बारकाईने सांगून गेल्या, की साहेबांची उजवीकडची दाढही दुखायला लागली. फुकटचा सल्ला देणाऱ्यांचं एक बरं असतं. त्यांना दाढ नसते, आपल्याला असते.

बायकोने कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. दातांची डॉक्टर वयाने मुलगीच होती आणि तिने साहेबांना 'काका' म्हटलं, तिथेच तिची केस बिघडली.

"काका, हा फोटो बघा," ती पडद्याकडे बोट करून म्हणाली. "दाढ आडवी झोपलीय. आणि ही खालून जाते ती नस. मुळं तिला जवळजवळ टेकलीयत. मला अजून एक फोटो लागेल, मोठ्या इस्पितळातला. तो बघून ठरवू. घाईने काढली नि नस दुखावली, तर ओठ आणि हनुवटी बधिर होऊ शकते."

आता पाहा, ज्याने आयुष्यभर समोरच्याला 'अजून एक कागद आणा' म्हणून परत पाठवलं, त्याला कुणीतरी अजून एक फोटो आणायला सांगत होतं. साहेबांचा ओठ सर्रकन पुढे आला. मुलगी घाबरली नाही. तिला वाटलं दाढ ठणकतेय.

"एका दाढेला किती कागदपत्रं?" जिना उतरताना साहेब म्हणाले. "कामं अडवायची सवय लागलीय या लोकांना." बायकोने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पायऱ्या मोजत खाली उतरली.

मग साहेबांनी असा डॉक्टर शोधला जो काहीच विचारत नव्हता. तो मेव्हण्याच्या ओळखीचा होता. मेव्हणा हा माणूस असा, की त्याच्या ओळखीचा न्हावी कान कापतो आणि त्याच्या ओळखीचा गवंडी भिंत तिरपी बांधतो, हे साहेब स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आले होते. पण घाई झाली की माणसाला मेव्हणा आठवतो. त्या झटपट डॉक्टरने नाव विचारलं नाही, फोटो विचारला नाही. "कुठली? बसा. आ करा," एवढंच. मध्येच एकदा साहेबांच्या ओठातून विजेचा झटका गेला आणि ते खुर्चीत वीतभर उडाले. "झालं, झालं," डॉक्टर म्हणाला आणि दाढ ताटलीत टाकली. साहेब बाहेर आले तेव्हा आत जाताना मागवलेला त्यांचा चहासुद्धा गार झाला नव्हता, असं मेव्हणा अजूनही अभिमानाने सांगतो.

इंजेक्शन संध्याकाळपर्यंत उतरेल म्हणाले होते. उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी उतरलं नाही, त्या आठवड्यात उतरलं नाही. खालच्या ओठाची डावी बाजू आणि अर्धी हनुवटी कुणाकडून तरी उसनी आणल्यासारखी तोंडाला लटकत होती. ओठ हलत होता, पण हललेला कळत नव्हता. कपाची कड ओठाला डावीकडे लागत नाही म्हणून साहेबांना वाटलं कप तिथे फुटला आहे. फुटक्या कपात चहा दिल्याबद्दल ते बायकोवर कडाडले. तिने कप बदलला. तोही डावीकडे फुटका निघाला. घरातले सगळे कप ओळीने मांडून, उजेडात धरून पाहिल्यावर लक्षात आलं, की कप धड आहेत. "सेट तरी चांगला निघाला म्हणायचा," बायको म्हणाली.

झटपट डॉक्टरकडे गेले तर तो म्हणाला, "उतरेल की. इंजेक्शन चांगलं होतं, म्हणून टिकतंय." मेव्हणा शेजारी उभा राहून मान डोलावत होता.

आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार? साहेब खाली मान घालून पुन्हा त्या मुलीकडे गेले. ती 'मी सांगितलं होतं' म्हणाली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं, निदान तिच्यावर रागावता आलं असतं. ती तसं काही म्हणाली नाही. तिने त्यांना डोळे मिटायला सांगितले, कापसाचा बारीक पुंजका घेऊन हनुवटीवर ठिकठिकाणी टेकवला आणि जिथे जिथे 'कळतंय'चं 'कळत नाही' झालं तिथे तिथे जांभळ्या पेनाने खूण केली. मग सगळ्या खुणा जोडून रेघ मारली.

"ही हद्द," ती म्हणाली. "आतला भाग झोपलाय. नस तुटलेली वाटत नाही, चेपलीय. गोळ्या देते, आरशासमोर करायचा व्यायाम देते. हळूहळू ही हद्द आत सरकायला पाहिजे. महिने लागतील. बहुतेकांचं परत येतं."

"आणि नाही आलं तर?"

"तर तसंच राहतं, काका. म्हणून एकदा नसांच्या डॉक्टरांनाही दाखवून घ्या."

तसंच राहतं, हे ऐकून साहेबांनी आपला ओठ चिमटीत धरून पाहिला. लोकांना वाटलं असतं, एवढ्याशा ओठाचं काय. पण साहेबांना पक्कं ठाऊक होतं, की तो ओठ गेला तर परवाना विभागात उरेल तो चष्मा लावलेला एक सामान्य माणूस, आणि सामान्य माणसांबद्दल त्यांचं मत काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ते मनापासून घाबरले.

जांभळी रेघ पुसली जात नव्हती. ती हनुवटीवर घेऊनच ते जिना चढले. कवायतमास्तरांनी त्यांना उजेडात उभं करून हद्दीची पाहणी केली, आतल्या भागावर टिचकी मारली आणि "काही कळलं?" असं विचारलं. मग मावशींना बोलावून त्यांनाही टिचकी मारायला दिली. त्या संध्याकाळी साहेबांच्या हनुवटीवर इतक्या लोकांनी टिचक्या मारल्या, की ती बधिर होती हेच बरं होतं.

मोठ्या इस्पितळात नसांच्या विभागाची चिठ्ठी घ्यायला खिडकी होती. खिडकीत चष्मा नाकावर ओढलेला एक गृहस्थ बसला होता. त्याने दातांच्या डॉक्टर मुलीने दिलेला कागद वाचला.

"डावीकडे लिहिलंय," तो म्हणाला. "कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या."

"तुमच्या म्हणजे तुमच्या बाजूने, की बघणाऱ्याच्या बाजूने? मी बघतोय तर मला उजवीकडे दिसतंय."

"ओठ माझा आहे," साहेब म्हणाले. ओठावरून शब्दाबरोबर एक थेंबही निघाला.

"असेल. पण कागदावर तसं नाही. आणि बधिर आहे म्हणता, ते दिसत तर नाही." आणि एवढं बोलून त्या गृहस्थाचा खालचा ओठ कोपऱ्यातून हळूच पुढे सरकायला लागला.

साहेबांनी तो ओठ ओळखला. त्याचा वेग ओळखला, थांबण्याची जागा ओळखली. स्वतःचा ओठ त्यांनी या बाजूने कधी पाहिला नव्हता. त्यांच्याही नकळत त्यांचे हात कागद गोळा करायला लागले. एखाद्या बऱ्या माणसाला इथे काहीतरी शिकायला मिळालं असतं. साहेबांना एवढंच वाटलं, की या माणसाची नक्कल बरी आहे, पण डावा कोपरा कच्चा आहे.

दुरुस्त कागद घेऊन ते पुन्हा गेले आणि शेवटी नसांच्या डॉक्टरसमोर बसले. डॉक्टरने टाचणी काढली. "इथे टोचतंय?" "नाही." "इथे?" "नाही." "इथे?" "नाही." "छान," डॉक्टर म्हणाला. "वेळ द्या." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तर वेळ देणं सुरू झालं. सकाळी खिडकीजवळच्या आरशासमोर उभं राहून मऊ ब्रश हनुवटीवर फिरवायचा आणि 'इथे आहे, इथे आहे' असं मेंदूला समजावून सांगायचं, हा व्यायाम. समोरच्या इमारतीतून ते नीट दिसायचं. साहेब उतारवयात रंगरंगोटी करायला लागले, बहुधा नाटकात काम मिळालं असावं, अशी बातमी मावशींच्या मार्फत त्यांच्याच घरी येऊन पोचली.

खरं संकट निराळंच होतं. एके दिवशी साहेब सकाळी अंडं खाऊन कचेरीत गेले. दुपारपर्यंत त्यांनी कित्येक अर्ज परत पाठवले, दोन कारकुनांना नीटनेटकेपणावर ऐकवलं, एकाला तर "आधी शर्टाचं बटण लावा" म्हणून बाहेर काढलं. दुपारी हात धुवायला गेले आणि आरशात पाहतात तर हनुवटीवर पिवळा बलक वाळलेला. सकाळपासून होता. सबंध विभागाने तो पाहिला होता आणि कुणी ब्र काढला नव्हता. त्यांनी सांगावं कसं? साहेबांना काही सांगायचं असतं ही कल्पनाच त्या कचेरीत नव्हती.

घरी आल्यावर साहेब आधी आरशापाशी गेले. बायकोने विचारल्यावर सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे तिच्या खात्यावर जमा धरलं पाहिजे. ती म्हणाली, "एक करू. तुमच्या हनुवटीला काही लागलं, की मी माझ्या हनुवटीला बोट लावीन. तुम्ही पुसायचं. बोलायला नको, कुणाला कळायला नको."

ही खूण साहेबांना पसंत पडली. आयुष्यात बायकोची एखादी सूचना त्यांनी दुरुस्तीशिवाय मंजूर केली ती ही पहिलीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती कचेरीतही लागू केली. शिपायाला बोलावून हुकूम दिला. शिपायाने तो हुकूम समजून कारकुनांना दिला, कारकुनांनी टंकलेखिकेला दिला, आणि आठवड्याभरात परवाना विभागातला कुणीही साहेबांच्या भल्यासाठी हनुवटीला बोट लावायला मोकळा झाला.

एक गोष्ट मात्र साहेबांच्या लक्षात आली. खूण सुरू झाल्यापासून त्यांची हनुवटी फारच खरकटी व्हायला लागली होती. कारकुनाला झापायला तोंड उघडावं, तर त्याचं बोट हनुवटीला. साहेब रुमाल काढून पुसेपर्यंत झापायचं काय होतं ते विसरून जायचे. घरी सुपाला मीठ कमी आहे म्हणायला जावं, तर बायकोचं बोट हनुवटीला. पुसेपर्यंत सूप संपायचं. आपली नस सुधारायच्या ऐवजी बिघडत चालली आहे, या काळजीने साहेबांना घास जाईना. अर्ज परत पाठवायचं प्रमाण तर इतकं घसरलं, की लोक पाट्या लावायला लागले.

त्यातच मोठे साहेब पाहणीला आले. दुपारचं जेवण सगळ्यांबरोबर, आणि नामंजूरसाहेबांना समोरचीच जागा. मोठ्या साहेबांना एक सवय होती. विचार करताना ते हनुवटी कुरवाळायचे.

सूप आलं. मोठ्या साहेबांनी हनुवटी कुरवाळली. आपल्या साहेबांनी ताबडतोब रुमाल काढून हनुवटी पुसली. मोठे साहेब थोडे थबकले आणि पुन्हा कुरवाळायला लागले. साहेबांनी पुन्हा पुसली, या वेळी जोर लावून. मोठ्या साहेबांनी गाल खाजवला. खरकटं गालापर्यंत गेलं असं समजून साहेबांनी गाल पुसला. मोठ्या साहेबांनी, आता मुद्दाम, कानाची पाळी ओढली. साहेबांनी क्षणभर विचार केला, की सूप कानापर्यंत जाईल कसं. पण बधिर माणसाने वाद घालू नये. त्यांनी कान पुसला.

 "तुम्ही माझी नक्कल करताय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, बधिर," साहेब घाईघाईने म्हणाले, आणि 'बधिर'मधल्या 'ब'बरोबर डाव्या कोपऱ्यातून सुपाचा एक फवारा निघून मोठ्या साहेबांच्या टायवर बसला.

बदलीचा हुकूम त्याच आठवड्यात आला. जागा, नागरिक सहाय्य कक्ष. कचेरीच्या दारातच एक टेबल आणि वर पाटी, 'आम्ही आपल्यासाठी आहोत'. आजवर त्या टेबलावर ज्यांना कुठेच बसवता येत नाही अशांना बसवायचे. साहेब त्या पाटीखाली पहिल्या दिवशी बसले तेव्हा जुन्या विभागातले कारकून पाणी प्यायच्या निमित्ताने एकेक करून पाहून गेले.

आणि इथे तर कहर झाला. ओठ गळतो म्हणून साहेब रुमाल तोंडाशी धरून बसायचे. एक म्हातारे गृहस्थ आले, पिठाच्या गिरणीचा परवाना कसा रखडला ते सांगायला लागले. साहेब ऐकत नव्हतेच, ते आपली लाळ सांभाळत होते. पण म्हाताऱ्याला वाटलं, साहेबांना गहिवरून आलं. "अहो, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ," तो म्हणाला आणि त्याचेच डोळे भरून आले. बाहेर जाऊन त्याने चौघांना सांगितलं, की आत एक देवमाणूस बसलाय, नुसतं ऐकून रडतो. त्या चौघांनी चाळीस जणांना सांगितलं. बघता बघता रांग लागायला लागली. बायका संसाराचं सांगायला लागल्या, दुकानदार भागीदाराचं. साहेब मनातल्या मनात सगळ्यांचे अर्ज फाडत होते, वरून मात्र रुमाल. देवमाणूस म्हणवून घेण्याची पाळी शत्रूवरही येऊ नये, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं.

एका दुपारी अशाच एका बाईचं गाऱ्हाणं चालू असताना हनुवटीत मुंगी चावली. साहेबांनी हात नेला, मुंगी नव्हती. पुन्हा चावली. मग वारूळच फुटल्यासारखं झालं आणि साहेब दोन्ही हातांनी हनुवटी खाजवत उभे राहिले. ती बाई म्हणाली, "माझ्या सुनेचं ऐकून माझंही असंच होतं."

दातांच्या डॉक्टर मुलीने कापूस फिरवला आणि नवी रेघ मारली. जुनीपेक्षा बोटभर आत. "जागी व्हायला लागली, काका," ती म्हणाली. पुढच्या खेपेला रेघ अजून आत. मग नुसता बटणाएवढा गोल उरला, आणि शेवटी एक दिवस डोळे मिटलेल्या साहेबांनी कापसाचा प्रत्येक स्पर्श बरोबर सांगितला. मुलीने पेनाला टोपण लावलं. साहेबांना रडू आलं, खरोखरचं. तिने आपणहून रुमाल पुढे केला आणि त्यांनी तो घेतला. "कुणाला सांगू नका," ते जाताना म्हणाले. योग्य वेळी, योग्य माणसासमोर आपण आपला ओठ बाहेर काढू आणि जग पुन्हा जागेवर येईल, असा त्यांचा बेत होता.

योग्य माणूस दुसऱ्याच दिवशी मिळाला. एका शिंपीणबाईंनी दुकानाच्या पाटीचा अर्ज आणला. त्यात इतक्या चुका होत्या, की साहेबांना जुने दिवस आठवले. त्यांनी रुमाल बाजूला ठेवला. चष्मा खाली ओढला. तिसऱ्या ओळीला डाव्या कोपऱ्यातून ओठ निघाला, आणि निघालेला त्यांना कळला, वारा लागलेलासुद्धा कळला. तो पूर्ण पुढे आणून ते थांबले, बाईंच्या हातांकडे बघत.

बाईंनी कागद उचलले नाहीत. त्या टेबलावरून पुढे वाकल्या. "दुखतंय का फार?" त्यांनी विचारलं. "पाणी प्या थोडं. मला काही घाई नाही."

साहेब पाणी प्यायले. ओठ परत आला होता, पण त्याला भिणारी माणसं आता उरली नव्हती. मंजूर होईल असा अर्ज कसा लिहायचा ते त्यांनी बाईंना सांगितलं, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचेना.

आता उरलं होतं घर. त्या संध्याकाळी जेवायला बसण्याआधी साहेबांनी आरशासमोर हनुवटी दोनदा धुतली. सूप आलं. पहिल्याच चमच्याला मीठ कमी होतं. साहेबांनी तोंड उघडलं, आणि बायकोचं बोट तिच्या हनुवटीला गेलं.

साहेबांनी सवयीने पुसलं, आणि पुसता पुसता त्यांचा हात थांबला. हनुवटीवर काही नव्हतं. ती कोरडी होती, स्वच्छ होती, तिची इंच न् इंच त्यांना कळत होती. त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. पावाचा तुकडा मोडून ते म्हणाले, "या पावाचं म्हणशील तर..." बोट हनुवटीला. थोड्या वेळाने, "तुझा भाऊ म्हणजे एक..." बोट हनुवटीला. मग त्यांनी भाताचं एक शीत आपणच ओठाखाली चिकटवलं आणि मुकाट्याने जेवत राहिले. ते शीत तसंच राहिलं. बायको भात वाढत होती आणि तिचं बोट जागचं हललं नाही.

हळूहळू सगळं उजेडात आलं. ते कारकून. तो शिपाई. ती टंकलेखिका, जिने एका सकाळी सतरा वेळा हनुवटीला बोट लावलं होतं आणि जिला साहेब मनातून आपली हितचिंतक समजत होते. इतके महिने सबंध गाव एका बोटावर त्यांचं तोंड बंद करत आलं होतं, आणि ते रुमाल घेऊन आभार मानत आले होते. साहेबांच्या कानशिलापर्यंत संताप चढला. आता एक वाक्य पुरे होतं. 'माझा ओठ बरा झालाय, आणि मला सगळं कळतं.'

बायको पाण्याचा पेला भरत होती. "काल कुठपर्यंत आले होते मी?" तिने विचारलं.

साहेबांना एकदम आठवलं, की या महिन्यांत ती जेवताना बोलायला लागली होती. पुसण्यात गुंतलेल्या माणसासमोर बोलायला भीती कसली? सायकल कधीच शाळेच्या फाटकाबाहेर पडली होती. तिने बाजार ओलांडला होता, घंटी निखळून पडली होती, एका दुधवाल्याला चुकवताना बायकोचा एक जोडा गटारात गेला होता. काल ती पुलाच्या चढावर होती आणि तिचा श्वास फुलला होता. गोष्ट तिथे थांबली होती, कारण चहा उतू गेला. साहेब काल रात्री अंथरुणात पडून तो चढ चढत होते, हे त्यांनी स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

"पुलाच्या चढावर," ते म्हणाले.

"हां. एका पायात जोडा, एक पाय अनवाणी. पाचवीतली पोर मी, पाय पुरेनात पायडलला."

पाचवीत. सातवी झाली होती, सहावी झाली होती, आता पाचवी. शिवाय पाचवीला चित्रकलेला वेगळ्या बाई नसतात, हे कुणीही सांगेल. साहेबांचं तोंड उघडलं. डाव्या कोपऱ्यातून ओठ निघाला आणि त्यांना तो निघालेला स्पष्ट कळला.

बायकोचं बोट तिच्या हनुवटीवर होतं.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्याच डोळ्यांत बघत होती, न हसता, आणि बोट खाली घेत नव्हती. तिला कळलं होतं का? ग्रंथपाल बाई, कुठलं पुस्तक कोणी न वाचताच परत आणलं ते हातात घेऊन ओळखायची. शीत अजून ओठाखाली होतं आणि ते बोट त्या शितासाठी नव्हतं.

साहेबांनी रुमाल उचलला. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, वेळ लावून, नीट हनुवटी पुसली. शीत त्यातच गेलं.

"मग?" ते म्हणाले. "पुलावर काय झालं?"

"पुलावर चित्रकलेच्या बाईच उभ्या होत्या," बायको म्हणाली, आणि तिने बोट खाली घेतलं.